ऑफिसातल्या कॉम्प्युटरचं नाव बदलताय? आधी जुनं नाव कुठे कुठे लिहिलंय ते शोधा

छोट्या ऑफिसात ज्याला जरा कॉम्प्युटर कळतो, त्याच्या गळ्यात हळूहळू सगळीच मशिनं येऊन पडतात. मी मूळची अकाउंट्सची, पण करसल्लागाराच्या ऑफिसात काम करता करता प्रिंटर, टॅली आणि नेटवर्क कधी माझ्याकडे आलं ते कळलंच नाही. त्यात सगळ्यात फसवं काम म्हणजे कॉम्प्युटरचं नाव बदलणं. बदलायला दोन मिनिटं लागतात. मग दुसऱ्या टेबलावरून हाक येते, "अहो, प्रिंट जात नाहीये," आणि तिथून पुढे दिवस जातो.

कारण साधं आहे. कॉम्प्युटरचं नाव हा नेटवर्कवरचा पत्ता आहे आणि तो इतर मशिनांनी आपापल्या जागी लिहून ठेवलेला असतो. तुम्ही पाटी बदललीत तरी त्यांच्या डायऱ्या आपोआप बदलत नाहीत.

हा लेख पाच-दहा विंडोज मशिनं, एक टॅलीचं मुख्य मशीन, एक-दोन प्रिंटर आणि एक झेरॉक्स मशीन असलेल्या ऑफिसांसाठी आहे. तुमचं ऑफिस डोमेनवर असेल, म्हणजे लॉगिन करताना कंपनीने दिलेला आयडी लागत असेल, तर स्वतः काही करू नका. तिथे नाव बदलायला डोमेनच्या अॅडमिनचे अधिकार लागतात, ते काम आयटीवाल्यांचं.

एक खुलासा: इथे मी नावं देवनागरीत लिहिली आहेत. मशिनवर मात्र ती इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच टाइप करायची.

हाताशी काय काय हवं

- प्रत्येक मशिनचा अॅडमिनिस्ट्रेटर पासवर्ड
- टॅलीच्या डेटाचा ताजा बॅकअप, पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर
- झेरॉक्स मशिनच्या सेटिंगचा पिन (बहुतेक वेळा तो एएमसीवाल्याकडेच असतो, आधीच मागून घ्या)
- बिलिंगचं वेगळं सॉफ्टवेअर असेल तर ते देणाऱ्याचा फोन नंबर
- वही आणि चिकटवायची लेबलं

१. दिवस नीट निवडा

जीएसटीचं काम असलेल्या ऑफिसात महिन्याची ११ आणि २० तारीख, आणि त्यांच्या आधीचे दोन दिवस, या कामाला हात लावू नका. जुलैचा शेवटचा आठवडाही नको. शनिवारी दुपारनंतर, लोक निघाल्यावर करावं. पण एकाला तरी थांबवून घ्या, कारण त्याच्या लॉगिनने सगळं चालतंय का, हे त्याच्याच मशिनवर बसून बघावं लागतं.

२. आज काय नावं आहेत ते उतरवून घ्या

प्रत्येक मशिनवर कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे कमांड टाइप करायची काळी खिडकी, उघडा, 'होस्टनेम' टाइप करून एंटर मारा. एका ओळीत नाव येईल. बऱ्याच ठिकाणी 'डेस्कटॉप' आणि पुढे एक आडवी रेघ आणि सात अगम्य अक्षरं असं दिसेल, लॅपटॉप असेल तर 'लॅपटॉप', रेघ आणि आठ अक्षरं. ही नावं विंडोज स्वतःच ठेवतं. मोजून बघा, दोन्ही बरोबर १५ अक्षरांची भरतात. या १५ चं कारण पुढे येईल.

दोन मशिनांचं नाव एकच निघालं तर दचकू नका. दुकानदाराने एका मशिनवर विंडोज आणि सगळी सॉफ्टवेअरं टाकून तीच डिस्क बाकीच्यांवर उतरवली असेल तर असं होतं. मग कधी हे मशीन दिसतं, कधी ते, आणि 'नेटवर्कवर याच नावाचं दुसरं मशीन आहे' अशा सूचना येतात. अशा ऑफिसात नाव बदलणं गरजेचंच आहे.

वहीत रकाने आखा: जुनं नाव, नवं नाव, कुठे ठेवलंय, कोण वापरतं, त्यावर काय शेअर केलंय. शेवटचा रकाना पुढच्या पायऱ्यांत भरेल.

३. नाव कसं निवडावं

आधी नियम, कारण त्यांत सूट नाही. इंग्रजी अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ एवढंच चालतं. मोकळी जागा नको, खालची रेघ नको, टिंब नको. आडवी रेघ सुरुवातीला किंवा शेवटी नको. नुसते आकडेही चालत नाहीत. लहान-मोठ्या अक्षरांत विंडोज फरक करत नाही.

आणि लांबी १५ च्या आत. विंडोजच्या जुन्या नावपद्धतीत, नेटबायोसमध्ये, नावाला १६ जागा असतात आणि सोळावी मशिनने स्वतःसाठी राखलेली असते. तुम्ही 'कोल्हापूर-अकाउंट्स-०१' असं नाव दिलंत, तर इंग्रजी स्पेलिंगने ती २० अक्षरं होतात. विंडोज सांगतं की छोटं नाव १५ अक्षरांवर कापलं जाईल, आणि आपण न वाचता ओके दाबतो. कापल्यावर उरतं 'कोल्हापूर-अकाउन' एवढंच. पुढच्या मशिनला 'कोल्हापूर-अकाउंट्स-०२' दिलंत की तेही कापून तेच उरतं. वेगळेपणा होता तो शेवटच्या दोन आकड्यांत, आणि नेमके तेच गेले.

आता आवडीनिवडीचा भाग.

माणसाचं नाव मशिनला देऊ नका. 'प्रिया-पीसी' वर उद्या प्रिया नसेल, तिथे नवा मुलगा बसेल, आणि दोन वर्षांनी प्रिंटरच्या यादीत प्रिया कोण हे कुणालाच सांगता येणार नाही. लॅपटॉपच्या बाबतीत आणखी एक कारण आहे. लॅपटॉप जिथे वायफायला जोडाल तिथे तो सहसा आपलं नाव सांगतो. हॉटेलच्या किंवा स्टेशनच्या वायफायवर स्वतःचं नाव-आडनाव मिरवायची काही गरज नाही. 'कॅश', 'पगार', 'बडे साहेब' अशी नावंही त्याच कारणाने टाळा.

गडकिल्ल्यांची नावं द्यायची हौस आपल्याकडे प्रत्येक ऑफिसात एकाला तरी असते. हौस चांगली आहे, पण मशिनवर नाव इंग्रजीत लिहायचं असतं आणि घोळ तिथेच होतो. सिंहगड कुणी 'एम' घालून लिहितो, कुणी 'एन' घालून, कुणी मधला 'ए' खातो. तोरणा दोन प्रकारे लिहिला जातो, शिवनेरीही. रायगड आणि राजगड यांच्यात तर इंग्रजीत एकाच अक्षराचा फरक आहे, फोनवर सांगताना हमखास चूक होणार. नद्यांचंही तेच: कृष्णा 'आय' ने की 'यू' ने, भीमा एका 'आय' ने की दोन 'ई' नी? नाव टाइप करणाऱ्याला स्पेलिंग विचारावं लागलं की ते नाव बाद समजा.

मी जो नियम पाळते तो असा. ज्या मशिनकडे इतर मशिनं बोट दाखवतात, त्याला कामाचं नाव. ज्याच्याकडे कुणी बोट दाखवत नाही, त्याला नुसता अनुक्रमांक.

म्हणजे टॅलीचा डेटा ज्यावर आहे ते 'टॅली'. स्कॅन येऊन पडतात ते 'स्कॅन'. बाकी सगळी 'पीसी-०१', 'पीसी-०२'. शाखा असतील तर पुढे गावाची दोन-तीन अक्षरं. कामाच्या नावाचा फायदा मशीन बदलताना कळतो. जुनं मशीन थकलं, नवं घेतलं, तर जुन्याला 'पीसी-०९' करायचं, 'टॅली' हे नाव नव्याला द्यायचं आणि फोल्डर त्याच नावाने शेअर करायचे. बाकीच्यांच्या डायऱ्यांत पत्ता तोच राहतो. आणि साध्या मशिनला 'रिसेप्शन' वगैरे का नको? कारण जुनी मशिनं ऑफिसात सरकत राहतात, आज रिसेप्शनला असलेलं पुढच्या वर्षी रेकॉर्ड रूममध्ये जातं.

अनुक्रमांक देताना १ नाही, ०१ लिहा, नाहीतर यादीत १० हा २ च्या आधी येतो. इंग्रजी 'ओ' आणि शून्य शेजारी येतील असं नाव नको.

४. जुनं नाव कुठे कुठे लिहिलंय?

हाच खरा कामाचा भाग. नाव बदलण्याआधी करायचा, नंतर नाही. ज्या मशिनचं नाव बदलायचंय त्याच्यावर नव्हे, बाकीच्या मशिनांवर जाऊन शोधायचं.

*जोडलेले ड्राइव्ह.* प्रत्येक मशिनवर कमांड प्रॉम्प्टमध्ये 'नेट यूज' टाइप करा (दोन शब्द, मध्ये मोकळी जागा). झेड, वाय असे ड्राइव्ह कुठल्या मशिनच्या कुठल्या फोल्डरला जोडलेत, ते समोर येईल. ही कमांड रोजच्या लॉगिनमधूनच चालवा, अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या खिडकीत कधी कधी यादी रिकामीच दिसते. मुख्य मशिनवर 'नेट शेअर' टाइप केलंत की तिथून काय काय वाटलं गेलंय ते दिसेल. दोन्हीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

*शेअर केलेले प्रिंटर.* यूएसबीने एका मशिनला लावलेला आणि तिथून सगळ्यांना दिलेला प्रिंटर त्या मशिनच्या नावानेच ओळखला जातो. मशिनचं नाव बदललं की बाकीच्यांकडे तो 'ऑफलाइन' दिसतो. वायफायवर किंवा लॅन केबलने थेट जोडलेल्या प्रिंटरला काही होत नाही, त्याचं स्वतःचं नाव वेगळं असतं.

*टॅली.* दोन गोष्टी तपासायच्या. एक, डेटाचा पाथ: त्यात मशिनचं नाव आहे की ड्राइव्हचं अक्षर? दोन, मल्टियूजर लायसन्स असेल तर बाकीची मशिनं लायसन्स सर्व्हर म्हणून मुख्य मशिनचं नाव आणि पोर्ट, म्हणजे जोडणीचा क्रमांक (बहुधा ९९९९), धरून असतात. टॅली ज्या फोल्डरमध्ये आहे तिथे 'टॅली डॉट आयएनआय' नावाची फाइल सापडेल, ती नोटपॅडमध्ये उघडली की दोन्ही वाचता येतं. अजून फक्त वाचायची आहे, बदलायची नाही. आणि तिची एक प्रत करून ठेवा.

*झेरॉक्स मशीन.* ही जागा सगळे विसरतात. स्कॅन केलेला कागद थेट फोल्डरमध्ये पडतो ना? मग त्या मशिनच्या अॅड्रेस बुकात तुमच्या कॉम्प्युटरचं नाव लिहिलेलं असण्याची दाट शक्यता आहे. नाव बदलल्यावर बाकी सगळं चालतं, म्हणून आपण खूश असतो. सोमवारी पहिला क्लायंट पॅन-आधारच्या प्रती घेऊन येतो आणि स्कॅन कुठेच पोचत नाही.

*एक्सेल.* एका फाइलीतून दुसऱ्या फाइलीतले आकडे ओढलेले असतील तर त्या लिंकमध्ये मशिनचं पूर्ण नाव असू शकतं. आपण झेड ड्राइव्हवरून लिंक केली तरी एक्सेल अनेकदा आत मशिनचं नावच साठवतं. 'डेटा' टॅबमधल्या लिंक्सच्या यादीत बघा. पगारपत्रकं आणि घसाऱ्याचे तक्ते आधी तपासा.

*बिलिंगची सॉफ्टवेअरं.* मेडिकल, किराणा, हॉस्पिटल यांची बरीच सॉफ्टवेअरं मागे एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस वापरतात. काउंटरवरच्या मशिनांना मुख्य मशीन नावाने आणि त्यापुढे 'एसक्यूएलएक्सप्रेस' अशा शब्दाने माहीत असतं. शिवाय डेटाबेस स्वतःच्या पोटातही जुनं नाव धरून ठेवतो, ते वेगळी कमांड देऊन बदलावं लागतं. असं काही असेल तर सॉफ्टवेअरवाल्याला विचारल्याशिवाय त्या मशिनला हात लावू नका. त्याने "नाव तेच राहू द्या" असं सांगितलं, तर निमूट ऐका. एखादं कुरूप नाव तसंच राहिल्याने काही बिघडत नाही.

*साठवलेले पासवर्ड.* कंट्रोल पॅनेलमधल्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये शेअर केलेल्या फोल्डरचे पासवर्ड मशिनच्या नावाने साठवलेले असतात. नाव बदललं की पासवर्ड पुन्हा विचारला जाणार. तो कुणाला आठवतोय का, हे आजच विचारून घ्या!

कशाला धक्का लागत नाही, तेही सांगते, कारण या भीतीपोटी लोक उगाच अडतात. इंटरनेट, ईमेल, विंडोजचं लायसन्स, डेस्कटॉपवरच्या फायली, युजरचं नाव आणि त्याचं फोल्डर, सगळं जिथल्या तिथे राहतं. सही करायच्या डीएससी टोकनलाही मशिनच्या नावाशी देणंघेणं नाही.

५. नाव बदला

सेटिंग्ज उघडा, सिस्टिम, मग अबाउट, तिथे 'रिनेम धिस पीसी'. नाव टाका, पुढे जा, रीस्टार्ट करा. विंडोज १० आणि ११ दोन्हींत वाट हीच.

रीस्टार्टच करा, शट डाउन करून पुन्हा चालू करू नका. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउनमध्ये विंडोज पूर्ण बंद होतच नाही, आणि नवं नाव लागू व्हायला पूर्ण बंद होणं गरजेचं आहे. चालू झाल्यावर पुन्हा 'होस्टनेम' करून खात्री करा.

एका वेळी एकच मशीन. ज्याच्यावर कुणी अवलंबून नाही अशापासून सुरुवात करा, मुख्य मशीन सगळ्यात शेवटी. मुख्य मशिनचं नाव बदलण्याआधी बाकी सगळ्यांवरची टॅली आणि उघड्या फायली बंद आहेत ना, हे स्वतः फिरून बघा.

जाता जाता वर्कग्रुपचं, म्हणजे मशिनांच्या गटाचं, नावही बघून घ्या. ते नसेल दिसत तर विंडोजचं बटण आणि 'आर' दाबून 'एसवायएसडीएम डॉट सीपीएल' टाइप करा, जुनी खिडकी उघडेल. सगळीकडे 'वर्कग्रुप' हेच असेल तर बदलायच्या फंदात पडू नका.

६. बाकीच्यांच्या डायऱ्या दुरुस्त करा

आता वही उघडा आणि चौथ्या पायरीत जे जे सापडलं ते एकेक करून बदला. जोडलेला ड्राइव्ह आधी डिस्कनेक्ट करा, मग नव्या नावाने पुन्हा जोडा, पण अक्षर तेच ठेवा. झेड होता तर झेडच. टॅलीच्या पाथमध्ये किंवा शॉर्टकटमध्ये नुसतं 'झेड' लिहिलेलं असेल तर त्यांना बदल झाल्याचा पत्ताही लागणार नाही.

पासवर्ड विचारणारी खिडकी आली तर युजरनेमच्या जागी आधी मुख्य मशिनचं नवं नाव, मग उलटी तिरपी रेघ आणि मग युजर, असं लिहा. नुसतं युजरनेम दिलं तर पासवर्ड बरोबर असूनही कधी कधी चुकीचा ठरतो, कारण विंडोज तो आपल्याच मशिनवरचा युजर समजतं.

शेअर केलेला प्रिंटर काढून टाका आणि नव्याने जोडा. जुना तसाच राहिला तर यादीत दोन प्रिंटर दिसतील आणि लोक नेमका मेलेला निवडतील. झेरॉक्स मशिनच्या अॅड्रेस बुकात नवं नाव टाकून एक कोरा कागद स्कॅन करून बघा.

लेबल लगेच चिकटवा. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला, मागे नाही. फोनवर "तुमच्या मशिनवर काय लिहिलंय?" विचारलं की बसल्या जागी वाचता आलं पाहिजे.

७. नवं नाव सापडत नसेल तर

'नेटवर्क' या फोल्डरमध्ये मशीन दिसत नाही म्हणून घाबरू नका, ती यादी फार भरवशाची नाही. २०१७ नंतरच्या विंडोजमध्ये फायली शेअर करायची जुनी एसएमबी-१ पद्धत सहसा बसवलेलीच नसते, त्यामुळे जुन्या सवयीची यादी पूर्वीसारखी भरत नाही. फाइल एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा आणि पुढे नवं नाव टाइप करून एंटर मारा. उघडलं तर सगळं ठीक आहे.

उघडलं नाही तर कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पिंग' आणि नाव टाइप करून बघा, मशीन उत्तर देतंय का ते कळेल. जुनंच काही आठवून बसलं असेल तर 'आयपीकॉन्फिग', मोकळी जागा, तिरपी रेघ, 'फ्लशडीएनएस' अशी कमांड द्या. राउटरच्या यादीत जुनं नाव काही काळ राहतं, राउटर एकदा बंद-चालू केला की बहुधा जातं. आणि त्या मशिनवर नेटवर्क 'पब्लिक' आहे की 'प्रायव्हेट' ते बघा. पब्लिक असेल तर विंडोज स्वतःला लपवून ठेवतं, मग नाव कितीही सुंदर असो.

वैतागून नावाऐवजी आयपी नंबर, म्हणजे मशिनचा आकड्यांतला पत्ता, टाकायचा मोह होतो. लगेच चालतंही. पण राउटरने तो नंबर राखून ठेवलेला नसेल, तर एखाद्या दिवशी वीज जाऊन आल्यावर नंबर बदलतो आणि सगळं पुन्हा बंद. आयपीच वापरायचा असेल तर राउटरमध्ये त्या मशिनसाठी तो आधी कायमचा राखून घ्या.

८. मॅक, लिनक्स आणि घर

मॅकवर दोन नावं असतात. सिस्टिम सेटिंग्ज, जनरल, अबाउट इथलं नाव लोकांना दिसण्यासाठी. नेटवर्कवर मशीन ज्या नावाने सापडतं ते 'लोकल होस्टनेम' शेअरिंगमध्ये आहे, शेवटी 'डॉट लोकल' लागतं. बदलायचं ते दुसरं.

लिनक्सवर 'होस्टनेमसीटीएल' ने नाव बदलतं. उबंटू आणि डेबियनवर 'ईटीसी' फोल्डरमधल्या 'होस्ट्स' फाइलीतली जुन्या नावाची ओळही बदला, नाहीतर 'सुडो' करताना, म्हणजे अॅडमिनच्या अधिकाराने कमांड देताना, दर वेळी कुरकुर ऐकावी लागते. ही फाइल विंडोजमध्येही आहे. १९८३ मध्ये डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणारी यंत्रणा, आली, त्याआधी अमेरिकेतल्या आर्पानेटवरच्या, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजावरच्या, सगळ्या कॉम्प्युटरांची नावं अशा एकाच फाइलीत असायची आणि ती सगळीकडे उतरवून घ्यावी लागायची. तिचाच हा वंशज.

घरी एवढा कुटाणा नसतो. राउटरचं पान उघडलं (जिओफायबरवर १९२.१६८.२९.१, इतर बऱ्याच ठिकाणी १९२.१६८.१.१) की जोडलेल्या वस्तूंची यादी दिसते, आणि त्यात एकाच मॉडेलचे दोन फोन असले तर कुठला कुणाचा कळत नाही. फोनच्या सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन' मध्ये जाऊन नाव बदला. अँड्रॉइड १० पासून फोन वायफायवर आपला खरा हार्डवेअर क्रमांक सहसा देत नाहीत, त्यामुळे यादीत ओळखायला नावाचाच आधार उरतो. मुलांच्या टॅबला वेळेची मर्यादा लावण्याआधी हे करून घ्या, नाहीतर आजोबांचा टीव्ही बंद पडायचा.

९. सगळंच बिघडलं तर

रात्रीचे आठ वाजलेत, काय राहिलंय ते सापडत नाहीये, आणि सोमवारी ऑफिस चालू व्हायलाच हवं. मुख्य मशिनला जुनं नाव परत द्या, रीस्टार्ट करा. ज्यांच्या डायऱ्या तुम्ही अजून बदलल्या नव्हत्या त्या सगळ्या लगेच चालायला लागतील. ज्या बदलल्या होत्या तेवढ्या वहीत बघून उलट्या फिरवा, आणि टॅलीच्या त्या फाइलीची जपून ठेवलेली प्रत परत जागेवर टाका. उरलेलं पुढच्या शनिवारी.